प्रयोग ओळखताना फक्त 'ने' पाहू नका
वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं की कर्माप्रमाणे, यावरून प्रयोग ठरतो. कर्त्याला 'ने' दिसला की कर्मणी प्रयोग (क्रियापद कर्मामागे जातं तो), असं कोणीतरी सुचवतं. परीक्षेपुरतं ते बऱ्याचदा चालून जातं, पण त्यावर विसंबू नये असं मला मनापासून वाटतं.

'मी चिठ्ठी लिहिली' घ्या. 'ने' कुठेच नाही, तरी प्रयोग कर्मणीच. चिठ्ठीच्या जागी निबंध ठेवा, लगेच 'लिहिला' होतं. लिहिणारा मुलगा की मुलगी, याने काही बदलत नाही. उलट 'त्याने मुलींना बोलावलं' यात 'ने' आहे, पण मुलींऐवजी मुलाला बोलावलं तरी क्रियापद हलत नाही. हा भावे प्रयोग, म्हणजे क्रियापद कर्ता किंवा कर्म कोणाच्याच मागे जात नाही. थोडक्यात, कर्ता आणि कर्म एकेक करून बदलून बघायचे, क्रियापद कोणामागे जातं ते कळतं.

'तू चिठ्ठी लिहिलीस' तर फारच सुंदर आहे! 'लिहिली' कर्मामागे गेलं आणि शेवटचा 'स' कर्त्यामागे. याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात.

शिकणे, विसरणे ही क्रियापदं मात्र सकर्मक असूनही भूतकाळात कर्त्याचंच ऐकतात: 'ती गणित शिकली', 'तो नाव विसरला'. ही लक्षातच ठेवावी लागतात.