अमेरिकी गँगस्टरपट: सहा रविवारांत कोणते, कोणत्या क्रमानं?

अंबाजोगाई_पडदा
कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी सहा रविवारांची मालिका ठरवायलोत. लेकरं बी.ए.ची, इंग्रजी सबटायटल वाचतात पण सावकाश. ‘गॉडफादर’चं नाव सगळ्यांना माहीत, त्याआधीचं काहीच नाही. दोन प्रश्न. सुरुवात कुठून करावी? आणि गरीब पोरगा वर चढतो अन् शेवटी गोळ्या खातो, हेच कथानक कामून फिरत राहतं? प्रोजेक्टर दिव्याचा, जुना आहे. जनरेटर नाही.

मानारकाठ
आधी दुसरा प्रश्न घेतो, कारण क्रम त्यावरच ठरेल. त्या कथानकातलं चढणं आलं दारूबंदीतून आणि पडणं बरंचसं सेन्सॉरमधून.

जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती. लोक पीतच राहिले, धंदा तेवढा टोळ्यांकडे गेला. १४ फेब्रुवारी १९२९ ला शिकागोतल्या एका गॅरेजात ७ जणांना भिंतीशी उभं करून मारलं. १९३१ मध्ये शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला ११ वर्षांची शिक्षा झाली, तीही प्राप्तिकर बुडवल्याबद्दल. पेपरात हे चालू असतानाच बोलपट रुळला आणि मशिनगन पडद्यावर ऐकू यायला लागली. ‘लिटल सीझर’ (१९३१), ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) आणि ‘स्कारफेस’ (१९३२) ही तिन्ही त्याच दिवसांतली.

आता पडणं. प्रॉडक्शन कोड नावाची नियमावली १९३० पासून कागदावर होती. जुलै १९३४ नंतर मात्र ती नियमावली राबवणाऱ्या जोसेफ ब्रीनच्या कार्यालयाचा शिक्का नसला तर मोठ्या स्टुडिओचा सिनेमा लागेना. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये, हा त्यातला पाया. ‘स्कारफेस’वर तर त्याआधीच दबाव आला. नावाला ‘देशाची लाज’ अशा अर्थाची जोड दिली आणि नायक टोनीला खटला चालवून फाशी होते असा दुसरा शेवट चित्रित केला. टोनी झालेला नट पॉल म्युनी तेव्हा हाताशी नव्हता, म्हणून त्या शेवटात टोनीचा चेहरा दिसत नाही. दोन्ही शेवट लागोपाठ दाखवा. सेन्सॉरवर वेगळं भाषण द्यावं लागणार नाही.

१९३५ च्या ‘जी मेन’मध्ये ‘पब्लिक एनिमी’चा नायक झालेला तोच जेम्स कॅग्नी सरकारी बाजूनं लढतो. रग तीच, फक्त खिशात बिल्ला आला.

क्रम असा लावा: पहिल्या रविवारी दिग्दर्शक ग्रिफिथचा मूकपट ‘द मस्केटियर्स ऑफ पिग अ‍ॅली’ (१९१२, सतराएक मिनिटं) आणि लगेच ‘द पब्लिक एनिमी’. दुसऱ्या रविवारी ‘स्कारफेस’, तिसऱ्या ‘व्हाइट हीट’ (१९४९), चौथ्या ‘बॉनी अँड क्लाइड’ (१९६७), मग ‘गॉडफादर’ (१९७२) आणि ‘गुडफेलाज’ (१९९०). ‘लिटल सीझर’ इतिहासात मोठा आहे, पण आज तो जड जातो. त्यातला नायक एडवर्ड जी. रॉबिन्सन सोडला तर कॅमेरा बराच वेळ खुर्चीला खिळल्यासारखा वाटतो.

उदगीरी_७०एमएम
क्रम पटला, पण सहावा रविवार ‘गुडफेलाज’वर संपवला तर गँगस्टर म्हणजे इटालियन, असंच लेकरांच्या डोक्यात बसेल. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय टोळीचा ‘न्यू जॅक सिटी’ (१९९१) घ्या. तिथं दारूच्या जागी क्रॅक कोकेन आहे, रचना मात्र १९३१ चीच. जागा हवी असेल तर ‘बॉनी अँड क्लाइड’ गाळा. तो महत्त्वाचा आहे, हिंसा दाखवण्याची पद्धतच त्यानं बदलली आणि पुढच्याच वर्षी कोड जाऊन वयोगटाची प्रमाणपत्रं आली. पण तो दरोडेखोरांचा सिनेमा आहे, टोळीच्या धंद्याचा नाही.

आता पुन:पुन्हा येणाऱ्या गोष्टी. कपडे बघायला सांगा. ‘पब्लिक एनिमी’त सुटाचं माप घेणं हा आख्खा प्रसंग आहे, ‘स्कारफेस’मध्ये टोनी शर्टांचा ढीग दाखवतो. पैसा हाती आल्याचं पोराला दुसऱ्या कशानं सांगता येत नाही. आई बघा: ‘पब्लिक एनिमी’त ती भाबडी, ‘व्हाइट हीट’मध्ये टोळीची खरी मुखत्यार. आणि ‘जग तुझं आहे’ ही जाहिरातीची पाटी १९३२ च्या ‘स्कारफेस’मध्ये आहे, १९८३ च्या नव्या ‘स्कारफेस’मध्येही तीच ओळ येते. तो नवा मात्र या वयाला दाखवू नका, करवतीचा प्रसंग फार अंगावर येतो.

खरा बदल आहे तो घरात. १९३१ चा गँगस्टर एकटा चढतो. ‘गॉडफादर’मध्ये कुटुंब हीच कंपनी होते. (इटालियन-अमेरिकी संघटनेच्या दबावामुळे त्याच्या पटकथेतून ‘माफिया’ शब्द काढला होता, हेही सांगा.) ‘गुडफेलाज’मध्ये माणूस त्या कंपनीचा नोकर आणि शेवटी खबऱ्या. त्यामागं १९७० चा रिको कायदा आहे. आख्खी टोळी एका खटल्यात ओढता यायला लागली, शिक्षा लांबल्या, माणसं फुटू लागली. ‘गुडफेलाज’चा नायक ज्याच्यावरून घेतला तो खरा हेन्री हिल १९८० मध्ये फुटला आणि साक्षीदार संरक्षणात गेला. त्यामुळं सिनेमात तो मरत नाही, उपनगरातल्या दारात झगा घालून पेपर उचलतो, आणि त्याला तेच सहन होत नाही.

टॉकीजवाला_परभणी
सिनेमे ठरले, आता मशीनचं बघा.

तीसच्या दशकातली चौकट १.३७ ला १, म्हणजे जवळपास चौकोनी. प्रोजेक्टर १६:९ वर ताणला की कॅग्नी बुटका अन् रुंद दिसतो. ४:३ ठेवा, बाजूला काळे पट्टे राहू द्या.

सबटायटल हळूहळू सरकत गेलं तर फाइल वेगळ्या फ्रेम-दराची आहे: सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा आणि सबटायटल २५ चं. ‘गॉडफादर’ १७५ मिनिटांचा, शेवटी सात मिनिटांचा फरक पडतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून तो निघत नाही, त्यानं फक्त एकसारखा फरक जातो. त्याच डिस्कचं सबटायटल घ्या, नाहीतर दर बदलून घ्या.

छायाचित्रकार गॉर्डन विलिसनं ‘गॉडफादर’मध्ये प्रकाश वरून टाकलाय, डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोचे डोळे मुद्दाम सावलीत आहेत. जुन्या प्रोजेक्टरवर तो भाग काळा गोळा होतो. ब्राइटनेस वाढवू नका, काळा रंग राखाडी होईल. चित्र लहान करा, पडदे ओढा, खेळ सूर्य मावळल्यावरच लावा.

लाइट गेली की दिव्याचा पंखाही थांबतो आणि दिव्याचं आयुष्य घटतं. प्रोजेक्टर यूपीएसवर ठेवा. चार-पाच मिनिटं मिळाली तरी नीट थंड करून बंद करता येतो.

प्रेक्षक फक्त विद्यार्थी, पालक आणि कॉलेजची माणसं असतील तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची सवलत आहे. सगळ्या गावाला बोलावलं की ती जाते. ओटीटीचं खातं घरगुती वापरापुरतं असतं, डिस्कच बरी.

अंबाजोगाई_पडदा
‘न्यू जॅक सिटी’ घेतो, ‘बॉनी’ गाळतो. ‘गॉडफादर’ तीन तास बसून होणार नाही. मध्यंतर कुठं तोडावं?

मानारकाठ
दीड तासाच्या सुमारास, हॉटेलात डॉनचा मुलगा मायकल दोघांना मारून बाहेर पडतो तिथं. गोळी झाडण्याआधी वरून जाणाऱ्या रेल्वेचा कर्कश आवाज वाढत जातो, संगीत मात्र खून झाल्यावरच सुरू होतं. तेवढी दोन मिनिटं आवाज चांगला मोठा ठेवा आणि मगच थांबवा.