सेकंड पीयूसी सायन्स, बेळगाव तालुका: केसीईटी भरू की एमएचटी-सीईटी?

पश्चिमभागची पोर

सगळ्यांना नमस्कार. मी सेकंड पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे, पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी). गाव बेळगुंदीच्या बाजूला. पहिली ते सातवी गावातल्या सरकारी मराठी शाळेत, आठवी ते दहावी गावातल्याच हायस्कूलमध्ये, तेही मराठी माध्यमातून. आता कॉलेजला बेळगावात येते, सकाळी पावणेसातच्या बसनं. घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नाही. पावसाळ्यात भात आणि रताळी, आई-बाबा दोघंही रानात.

मला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं आहे. आमच्या ओढ्यावरचा पूल दर जुलैत पाण्याखाली जातो आणि त्या दिवशी पलीकडच्या पोरांचं कॉलेज बुडतं. दहावीत असताना पुलाचा एक कठडा वाहून गेलेला मी स्वतः बघितला. तेव्हापासून हेच डोक्यात आहे.

कॉलेजात सगळे केसीईटीचंच, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचंच बोलतात. कोल्हापूरचा मामा म्हणतो, आपण सीमाभागातले, महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी पण दे, तिथं आपल्याला जागा मिळते. दोन्ही देता येतात का? दोन्हीचा अभ्यास एकदम झेपेल का? कागद कुठले लागतात? फर्स्ट पीयूसीला एकदम इंग्रजी आलं तेव्हा बल, त्वरण, संवेग सगळं येत असून वर्गात तोंड उघडत नव्हते. एक वही करून मराठी शब्दापुढे इंग्रजी शब्द लिहीत गेले, म्हणून निभावलं. आता परत तसं नको.

बाबा म्हणतात, तू सांग, मी सही करतो. म्हणूनच चुकायची भीती वाटते.

खानापूर ते सांगली

दोन्ही दे. कोणी अडवत नाही. मी दोन्ही दिल्या होत्या आणि शेवटी सांगलीला प्रवेश घेतला.

मामा बरोबर सांगतात. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात उमेदवारांचे टाइप असतात, त्यातला ‘ई’ आपल्यासाठी आहे. दहावी किंवा बारावी वादग्रस्त सीमाभागातल्या शाळा-कॉलेजातून आणि मातृभाषा मराठी. पण नुसतं मराठी बोलता येतं म्हणून चालत नाही, दोन दाखले जोडावे लागतात. एक सीमाभागाचा, दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. दोन्हींचे नमुने माहितीपत्रकाच्या मागच्या पानांवर छापलेले असतात. तसेच्या तसे, शब्दही न बदलता टाइप करून घे. आणि मे महिन्याची वाट बघू नकोस. मी सुट्टीत गेले तर आमचे हेडमास्तर गडहिंग्लजला त्यांच्या गावी. शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे. बाबा मोटारसायकलवरून जाऊन सही घेऊन आले.

दुसरं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आत्ता तुझं एसएसएलसीचं (दहावीचं) मार्क्स कार्ड काढ आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर वाच. माझं नाव स्वाती. आधारवर इंग्रजीत साधा ‘टी’, मार्क्स कार्डावर ‘टी’च्या पुढे ‘एच’. आपल्याकडे ज्योती, प्रीती, स्वाती सगळ्यांना हा ‘एच’ चिकटतो, कारण कर्नाटकात ‘त’ असाच लिहितात. इथे कोणाच्या नजरेलाही येत नाही. तिकडे कागद तपासणाऱ्या माणसानं फाइल बाजूला ठेवली आणि म्हणाले, ही दोन माणसं आहेत. मी खिडकीसमोर उभी राहून रडले. मग नोटरीकडे जाऊन दोन्ही नावं माझीच असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट केलं, ते तक्रारीच्या मुदतीत, शेवटच्या दुपारी दिलं, तेव्हा यादीत नाव लागलं. अर्ज भरताना दहावीच्या कार्डावर जसं आहे तसंच नाव लिही, आणि फरक असेल तर अ‍ॅफिडेव्हिट आधीच करून ठेव.

परीक्षेला मी कोल्हापूरला गेले होते. आई सोबत होती. निपाणीपर्यंत शक्तीचं, म्हणजे कर्नाटकातल्या बायकांच्या मोफत बस योजनेचं शून्य तिकीट, पुढे दुसरी गाडी. आदल्या दिवशीच जा, मामा आहेतच.

पीयू लेक्चरर, गणित

अभ्यासाचं सांगतो. आपली पीयूसीची सायन्सची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, त्यामुळे पाया बराचसा एकच. मोठा फरक परीक्षेच्या पद्धतीत आहे. केसीईटीत प्रत्येक विषयाचे 60 प्रश्न, 80 मिनिटं, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरायचे. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत, एकेक मार्काचे. नंतर गणिताचे 50 प्रश्न, तेही 90 मिनिटांत, पण दोन-दोन मार्कांचे. म्हणजे 200 पैकी 100 मार्क गणिताचे. आमची मुलं तिथं गणिताला कमी वेळ देतात आणि मागे पडतात. निगेटिव्ह मार्किंग दोन्हीकडे नाही, एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

आणखी एक. इंजिनिअरिंगसाठी केसीईटीची रँक निम्मी सीईटीच्या आणि निम्मी पीयूसीच्या पीसीएम मार्कांवर लागते. महाराष्ट्रात मेरिट सीईटीच्या स्कोअरवर. तेव्हा मार्चची बोर्डाची परीक्षा हलकी घेऊ नकोस. तुझी ती शब्दांची वही मात्र फार आवडली. ती फर्स्ट पीयूसीच्या मुलांना वाचायला दे.

एका मुलीचा बाप, कडोली

बाळ, माझी मुलगी केसीईटीतून इथंच लागली, रोज घरून जाते. बेळगावात राहून शिकणं म्हणजे कमी, असं मनात आणू नकोस. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकच्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालयच आपल्या मच्छेला आहे, पदवी तीच मिळते. मेस, खोली यांचा खर्च नाही, आणि पोर रात्री आपल्या ताटावर जेवते, हे मला मोठं वाटतं.

तू लिहिलंस त्यावरून तुला रूरल (ग्रामीण) कोटा लागू होतो. पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं खेड्यात शिकलेल्यांना केसीईटीत 15 टक्के. त्यासाठी दोन्ही शाळांचं स्टडी सर्टिफिकेट आणि त्यावर बीईओची (गटशिक्षणाधिकाऱ्यांची) सही लागते. ते सोडू नकोस. आमच्या शेजारच्या पोरानं सोडलं, फॉर्ममध्ये ‘रूरल’पुढे नाही लिहून मोकळा झाला. मराठा असाल तर आरक्षणाचा प्रवर्ग 3बी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (महसूल कार्यालयातून) काढ, त्यावरचा आरडी नंबर फॉर्ममध्ये मागतात. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर एसएनक्यू, म्हणजे सुपरन्यूमररी (जादा जागांच्या) कोट्यापुढेही होय लिही, त्या जागांना ट्यूशन फी माफ असते. कन्नड माध्यमाचा कोटा आपल्याला नाही, तो चुकून भरू नकोस.

पश्चिमभागची पोर

आत्ता पेटीतनं मार्क्स कार्ड काढून बघितलं. माझं नाव बरोबर आहे. पण बाबांचं मार्क्स कार्डावर ‘मारुती’, आधारवर ‘मारूतीराव’. ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर जूनमध्येच कळलं असतं.

रूरलचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या वर्गात खेड्यातून येणारी निम्म्याहून जास्त आहेत, सोमवारी सगळ्यांना सांगते. सर, गणिताचा वेळ आजपासून घड्याळ लावून बघते. काका, आईला तुमचं वाचून दाखवलं. तिनं ताटाचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. तिला मी इथंच हवी आहे, मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही फॉर्म भरते.

उद्या शनिवार, सकाळची शाळा. बाबा म्हणाले रानात दुपारनंतर जातो. दोघं मिळून हेडमास्तरांकडे जाऊन येतो.