मागून ठोकलं आणि मान धरली: खान्देशकरांनो, तुमचे अनुभव येऊ द्या

गेल्या महिन्यात पारोळ्याहून एरंडोलकडे येत होतो. पुढे कापसाची ट्रॉली वळत होती म्हणून थांबलो, तेवढ्यात मागून पिकअपने दणका दिला. वेग फार नसावा. बंपरला पोचा, डिकीचं झाकण जरा वाकडं, बस. पिकअपवाला पोरगा धावत आला, "भाऊ, तुले काही लागनं नही ना?" म्हटलं, काही नाही. टपरीवर चहा घेतला आणि आपापल्या वाटेला लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला वाकलो तर कळ थेट खांद्यापर्यंत. मान वळेचना. आईने माझी उशी उन्हात टाकली, मान धरली की तिचा हाच उपाय. चार दिवसांनी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "हेडरेस्ट कुठे होतं?" सीटवरचा तो डोक्यामागचा आधार. कुठे असणार? गाडी घेतल्यापासून पाच वर्षं सगळ्यात खाली, वर नॅपकिन टाकलेला. ते वर सरकतं हेच मला माहीत नव्हतं!

तुमच्यापैकी कोणाचं असं झालंय का? काय केलं, काय करायला हवं होतं, लिहा.

धुळेकर फिजिओ: दर महिन्याला असे पेशंट येतात आणि बहुतेकांचं वाक्य एकच, "गाडीला तर काही झालं नाही." मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे ढकलते, डोकं मात्र जागच्या जागी राहतं. मान क्षणभर इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. हे सगळं पापणी लवायच्या आत होतं, त्यामुळे 'मी मान घट्ट धरली असती' याला अर्थ नाही. डोक्याला मागून लगेच आधार मिळाला तरच मान वाचते. हेडरेस्टचं वरचं टोक निदान कानाच्या वरच्या कडेइतकं हवं, डोक्याच्या माथ्याइतकं असेल तर उत्तम. डोकं आणि हेडरेस्ट यांत साधारण पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. बायकांनो, मागे मोठा क्लचर लावून गाडी चालवता तेव्हा ही फट आणखी वाढते. मी स्वतः आता वेणी घालते.
दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सुरू होतं. हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा तीव्र डोकेदुखी असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. आणि कोणाकडूनही मान कडकन मोडून घेऊ नका.

चाळीसगावचा भाऊ: कन्नड घाटात ट्रॅफिक तुंबलं होतं. थांबलो की पुढच्या गाडीची मागची चाकं टेकलेली दिसतील एवढं अंतर ठेवतो, आणि मागे कोणीतरी येऊन उभं राहीपर्यंत नजर आरशात. त्या दिवशी आरशात ट्रक दिसला, थांबायचं लक्षणच नाही. बाजूला घ्यायला जागा नव्हती. डोकं हेडरेस्टला टेकवलं, नजर समोर, ब्रेक दाबून धरला. दणका बसला, पण पुढच्या गाडीवर गेलो नाही. मला काही नाही. शेजारी मेव्हणा सीट आडवी करून, वाकून मोबाईल बघत होता. तीन आठवडे मान धरून बसला होता, आणि वर मलाच म्हणतो, सांगायचं ना!

सावदेकर: आमच्याकडे मागची हेडरेस्ट काढून माळ्यावर. का? तर केळीचे घड नीट मावत नाहीत! नवापूरला लग्नाला जाताना मागे काकू आणि आत्या, दोघींच्या मानेमागे काही नाही. कोंडाईबारी घाट उतरताना मागच्या जीपने हलकंसं ठोकलं. काकूंनी लग्नात जेवण उभ्यानेच केलं, मान खाली घालता येईना.

गाडीवेडा, जळगाव: हेडरेस्ट म्हणजे झोपायची उशी नव्हे, मानेचा सीटबेल्ट आहे. अमेरिकेत नव्या कारच्या पुढच्या सीटला ते १९६९ पासून सक्तीचं आहे. धक्का बसताच आपोआप डोक्याकडे सरकणारं हेडरेस्ट साब या कार कंपनीने १९९७ मध्ये आणलं, व्हॉल्वोची मान सांभाळणारी सीट १९९८ ची. आणि आपण त्यावर टीव्हीचा स्क्रीन लावतो.

उंच माणूस, अमळनेर: माझी उंची सहा फूट दोन. गाडी घेताना मायलेज विचारलं, हेडरेस्ट वर करून पाहिलं नाही. पूर्ण वर केलं तरी मानेशीच येतं. पुढची गाडी घेताना आधी बसून बघणार.

भुसावळहून: मान दुखत असताना मानेला पट्टा लावावा का? मला कोणीतरी महिनाभर लाव म्हणालं होतं, काढला तर मान जास्तच आखडलेली.

धुळेकर फिजिओ: साध्या लचकेत तेवढ्यासाठीच फार दिवस लावू नये. मोडतोड नाही हे डॉक्टरांनी सांगितलं की मान हळूहळू हलवत राहायची. तुमच्या बाबतीत काय, ते तपासूनच सांगता येईल.

सावदेकर: आत्ताच माळ्यावर चढलो. दोन्ही हेडरेस्ट सापडली, शोरूमचं प्लास्टिक अजून तसंच. एकाचा खटका अडकलाय, तेल सोडलंय. घड आता टपावर.