शब्दचर्चा : ॲल्युमिनियमच्या पट्टीला ‘पाणी देणे’ म्हणावे का?

प्रश्न : ओतीव ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पातळ पट्ट्यांवरील उष्णता संस्करणाविषयी मराठीत लिहीत आहे. ‘क्वेंचिंग’साठी, म्हणजे तापलेला धातू झटकन गार करण्यासाठी, लोहारकामातला ‘पाणी देणे’ हा प्रयोग चालेल का? त्यानंतर ठेवून दिलेला धातू हळूहळू कठीण होतो, त्या ‘एजिंग’ला काय म्हणावे?

उत्तर १ : ‘पाणी देणे’ हा अस्सल शब्द आहे, तरी येथे तो वापरू नये. लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा लाल तापलेले पोलाद बुडताक्षणीच कठीण होते, आणि तो कठीणपणा शब्दाच्या अर्थातच मुरलेला आहे. याउलट तांबे व मॅग्नेशियम असलेली ॲल्युमिनियमची पट्टी सुमारे ५०० अंश सेल्सियसला तापवून पाण्यात बुडवली, तर ती नरम निघते आणि सहज वाकते. कठीणपणा मागाहून येतो. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांना अशी मिश्रधातू नुसती पडून राहिल्यानेच कठीण झाल्याचे आढळले. विमानांचे ड्युरॅल्युमिनियमचे (याच मिश्रधातूचे) रिव्हेट म्हणूनच बुडवल्यावर बर्फाच्या पेटीत ठेवत, कारण बाहेर राहिले तर ठोकण्याआधीच ते कडक होत. तेव्हा सरळ ‘बुडवून गार करणे’ म्हणावे.

‘एजिंग’साठी ‘जरण’ मला पटत नाही, कारण त्यातून झीज सूचित होते आणि येथे तर धातूचे बळ वाढते. ‘मुरणे’ हा शब्द नेमका बसतो. विरघळलेले तांब्याचे अणू हळूहळू अतिसूक्ष्म पुंजक्यांत जमतात व धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. हे काम साध्या तापमानाला काही दिवसांत, तर १६० ते १९० अंशांच्या भट्टीत काही तासांत होते. लोणच्याची फोड फार मुरली की मऊ पडते, तशीच भट्टीत जास्त वेळ राहिलेली पट्टीही पुन्हा नरम होते, म्हणून ‘ओव्हरएजिंग’ला ‘अतिमुरण’ म्हणता येईल.

उत्तर २ : ‘मुरणे’ मान्य आहे, मात्र फॉइलसाठी दोन थंड रोलांमध्ये ओतलेल्या, सुमारे ६ मिलिमीटर जाडीच्या पट्टीला तो सहसा लागू नाही. तिथे थिजताना मिश्रघटक जाडीच्या मध्यावर गोळा होतात, आणि ते पसरावेत म्हणून पट्टी ५०० अंशांच्या वर कित्येक तास ठेवतात. त्या क्रियेला आपण ‘समांगीकरण’ असे लिहितो. कारखान्यातल्या माणसाला ‘एकजीव करणे’ लगेच कळेल.