सात वर्षांनी दारात आलेला तो: सैतान, भूत की नुसता जुना प्रियकर?

पानगळ

सध्या क्लॅरेन्स अ‍ॅशली या अमेरिकन लोकगायकाचं १९३० सालचं ‘द हाउस कार्पेंटर’ सारखं ऐकतोय. एक बॅन्जो, एक कोरडा आवाज, आणि गोष्ट अशी: जुना प्रियकर खाऱ्या समुद्रावरून परत येतो. ती आता एका सुताराची बायको आहे, मांडीवर पोर आहे. तो म्हणतो, चल. ती पोराचे तीन मुके घेते, ‘बाबाला सोबत कर’ म्हणून सांगते आणि निघते. दोन आठवडे होतात न होतात तोच ती रडायला लागते. तो विचारतो, माझ्या सोन्यासाठी रडतेस की त्या सुतारासाठी? ती म्हणते, पोरासाठी. मग जहाजाच्या तळाला भोक पडतं आणि सगळं बुडतं.

हे कुठून आलं म्हणून शोधत गेलो तर फ्रान्सिस चाइल्ड या अभ्यासकाच्या लोकगीतसंग्रहातलं २४३ क्रमांकाचं गीत सापडलं, ‘जेम्स हॅरिस’. स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने १८१२ मध्ये छापलेल्या पाठात तर हा प्रियकर चक्क सैतान निघतो! त्याचा पाय दुभंगलेल्या खुराचा आहे. लांबवर उन्हातल्या टेकड्या दिसतात, त्या स्वर्गाच्या. बर्फाचा उदास डोंगर दिसतो, तो नरकाचा, आणि ‘तू नि मी तिकडेच जायचंय’. शेवटी तो डोलकाठीवर हात मारून गलबताचे दोन तुकडे करतो.

अ‍ॅशलीच्या गाण्यात यातलं काहीच नाही. मग सैतान गळला कुठे? की तो मुळात नव्हताच? आणि एक बाळबोध शंका: सैतानच असेल तर बाईला सरळ उचलून न्यावी की. इतकी मनधरणी कशाला करतो?

टवाळखोर

अहो, हा तर इन्क्युबस. रात्री झोपलेल्या बाईच्या अंगावर येऊन बसणारा. मध्ययुगातल्या पोथ्या याने भरल्यात. रेजिनल्ड स्कॉट नावाच्या इंग्रजाने १५८४ मध्ये चेटूकशास्त्राची खिल्ली उडवणारं पुस्तक लिहिलं, त्यात एक किस्सा आहे. रात्री एका बाईच्या बिछान्यात कुणीतरी शिरतं, ती ओरडते, लोक धावून येतात, तर पलंगाखाली कोण? बिशप सिल्व्हानस! मग खुलासा होतो की ते बिशप नव्हतेच, इन्क्युबसने त्यांचं रूप घेतलं होतं. सैतानाने म्हणे नंतर संत जेरोमच्या थडग्यापाशी तशी कबुलीही दिली. सैतान कुणाकुणाच्या उपयोगी पडतो पाहा.

वादी_प्रतिवादी

टवाळखोर, किस्सा झकास आहे, पण बिशपसाहेबांचं प्रकरण वेगळ्या कपाटात ठेवा. इन्क्युबसला नाव नसतं, मागचा इतिहास नसतो, बोलणंचालणं नसतं. तो झोपलेलीकडे येतो. त्याच्यावर डोकं खपवलं ते धर्मशास्त्र्यांनी. थॉमस अक्वायनससारख्या माणसाला प्रश्न पडला की देह नसलेल्या सैतानाला मूल कसं होईल, आणि उत्तर निघालं की तो आधी स्त्रीरूपाने एका पुरुषाचं बीज घेतो आणि मग पुरुषरूपाने दुसरीकडे पोचवतो. निव्वळ वाहतूक व्यवसाय.

पानगळांचा माणूस मात्र जागी असलेल्या बाईच्या दारात उभा राहतो, स्वतःचं नाव सांगतो, आणि पहिल्या दमात म्हणतो की मी माझ्या जुन्या शपथा मागायला आलोय. शपथांचं हे वाक्य वॉल्टर स्कॉटच्या पाठातलं. मी दिवाणी कोर्टात वकिली करते, त्यामुळे हे वाक्य वाचून मला शृंगार दिसला नाही, दावा दिसला.

आता मूळ कागद काढू. सर्वांत जुना छापील पाठ १६५७ चा, लंडनमध्ये नोंदवलेला, एका पानावर छापून विकायची पोवाडेवजा गाणी असत तसला. प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसच्या संग्रहात तो आहे. मथळाच लांबलचक, विवाहित स्त्रियांना इशारा म्हणून. प्लिमथजवळची जेन रेनल्ड्स आणि खलाशी जेम्स हॅरिस यांनी एकमेकांना लग्नाचं वचन दिलं. लग्नाआधीच त्याला आरमारात जबरदस्तीने भरती करून नेलं. तीन वर्षांनी बातमी आली की तो मेला. तिने एका सुताराशी लग्न केलं, चार वर्षं सुखाचा संसार झाला, मुलं झाली. नवरा परगावी गेला असताना एका रात्री खिडकी वाजली. बाहेर जेम्स हॅरिस.

तीन आणि चार किती झाले? ही सात वर्षं माझ्या डोळ्यांत खुपली. इंग्लंडमध्ये १६०४ चा कायदा होता: जोडीदार जिवंत असताना दुसरं लग्न केलं तर थेट फाशीपर्यंतचा गुन्हा. त्याला अपवाद असा की जोडीदार सलग सात वर्षं समुद्रापार राहिला असेल तर गुन्हा नाही. आता जेन आणि जेम्सचं लग्न झालंच नव्हतं, फक्त वचन होतं, म्हणून हे कलम तिला लागू होतं असं मी म्हणत नाही. पण गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात ‘समुद्र’ आणि ‘सात वर्षं’ हे शब्द एकत्र आले की काय वाजत असेल याचा विचार करा. आणि वचनही तेव्हा हलकं नव्हतं. ‘मी तुला नवरा म्हणून स्वीकारते’ असं वर्तमानकाळात म्हटलं असेल तर पाद्री नसला, चर्च नसलं, तरी ते बंधन धर्मन्यायालयात टिकायचं आणि नंतर थाटामाटात केलेलं लग्न त्यामुळे उडू शकायचं. इंग्लंडात हे थांबलं १७५३ च्या विवाह कायद्याने. म्हणजे १६५७ च्या श्रोत्याला खिडकीबाहेरचा माणूस जेवढा मेलेला म्हणून भीतीदायक, तेवढाच जिवंत असला तरीही भीतीदायक. उद्या तो कोर्टात गेला तर त्या मुलांचं काय?

पानगळ, तुमच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. हक्क सांगणारा माणूस उचलून नेत नाही. त्याला तिची कबुली हवी, तिने आपल्या पायांनी यायला हवं. आणि ती लगेच निघतही नाही. ती आधी विचारते, मला पोसायला तुझ्याकडे काय आहे? तो सांगतो, समुद्रावर सात जहाजं आहेत. अशी उलटतपासणी फार कमी लोकगीतांत सापडेल! मग ती जाते, आणि त्यानंतर कुणाला दिसत नाही. सुतार गळफास घेतो. मुलं मागे राहतात. या पाठात खूर नाही, टेकड्या नाहीत, जहाज बुडाल्याचंही सांगितलेलं नाही. तो एक आत्मा आहे, बराचसा माणसासारखा दिसणारा. सैतान नव्हे.

मग खूर कुठून आला? माझं मत सांगते. या वादात जेनची बाजू लंगडी आहे. वचन दिलेलं आहे, तो मुद्दाम सोडून गेला नव्हता, सरकारने त्याला ओढून नेलं होतं. अशा वेळी प्रतिवादीच्या वकिलाकडे एकच डाव उरतो: वादी हा तो इसमच नव्हे. तोतया आहे. पाय पाहा त्याचे! एकदा खूर दाखवला की शपथ, सात वर्षं, खलाशाचे हाल, सगळं एका फटक्यात बाद. आणि खूर दिसतो तो गलबत तीन लीग (अंतराचं जुनं माप) पुढे गेल्यावर, म्हणजे बाईला उपयोग शून्य. श्रोत्याला मात्र सुटल्यासारखं वाटतं, कारण आता त्याला जेम्स हॅरिसची बाजू घ्यावी लागत नाही.

अवांतर: बिशपसाहेबांच्या वकिलानेही हाच डाव टाकला होता, फक्त उलट्या बाजूने.

मृण्मयी

वादी_प्रतिवादी, वाचायला मजा आली, पण दोन हरकती आहेत.

एक, तुमचा १७५३ चा कायदा स्कॉटलंडला लागूच नव्हता. तिथे नुसत्या परस्पर संमतीच्या घोषणेवर होणारं लग्न १९४० पर्यंत कायदेशीर होतं. इंग्लंडातून पळालेली जोडपी सीमेपलीकडच्या ग्रेटना ग्रीनला का जायची? आणि खुराचा पाठ नेमका स्कॉटलंडचा आहे.

दोन, स्कॉट काही भोळा संग्राहक नव्हता. त्याचं पहिलं छापील काम कोणतं? १७९६ चं, बुर्गरच्या ‘लेनोरे’ या जर्मन कवितेचं भाषांतर. त्यात प्रागच्या लढाईवर गेलेला विल्हेल्म परत येत नाही, लेनोरे देवाला दूषणं देते, आणि मध्यरात्री घोड्यावर विल्हेल्म येतो. चांदण्यात दौड सुरू होते, मेलेले जोरात दौडतात हे पालुपद चालू राहतं, आणि पहाटेपूर्वी दौड संपते ती थडग्यापाशी. (ही ओळ पुढे १८९७ मध्ये ‘ड्रॅक्युला’च्या पहिल्याच प्रकरणात एक सहप्रवासी पुटपुटतो.) तिथे कसला दावा? तिने स्वतः हाक मारली म्हणून तो आला. असल्या भयाच्या चवीत मुरलेल्या माणसाच्या संग्रहात खूर आणि नरकाचा डोंगर असणारच.

आणि खरं सांगू? तुम्ही त्या बाईला फारच कागदावर आणलंत. रेशमी शिडं, सोन्याची डोलकाठी, चोवीस खलाशी आणि चहूबाजूंनी संगीत. सुताराच्या घरात यातलं काय होतं? तिला जायचं होतं, बाई. गाण्याला ते ठाऊक आहे, म्हणून तर एवढी मोठी शिक्षा.

वादी_प्रतिवादी

शेवटचा मुद्दा मान्य, तिला जायचं होतं यात शंका नाही. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात. माझ्याकडे येणारी निम्मी माणसं तशीच असतात.

पहिल्या हरकतीने मात्र तुम्ही माझंच काम केलंत. जिथे वचनाला कायद्याचं बळ शिल्लक होतं, तिथेच वादीला सैतान ठरवायची गरज सर्वांत जास्त. आणि उलट बाजू पाहा. हेच गाणं अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांत गेलं, लोकगीतांचा संग्राहक सेसिल शार्पने १९१६ ते १९१८ दरम्यान तिथे त्याचे कितीतरी पाठ उतरवून घेतले. काहींत स्वर्ग-नरकाच्या टेकड्या तग धरून आहेत, पण बहुतेक ठिकाणी तो नुसता माणूस आहे आणि जहाज नुसतं गळतं. त्याच्या तोंडची शपथही फिकी पडली. अ‍ॅशलीचा माणूस म्हणतो, तुझ्या प्रेमापायी परत आलो. हक्क मागत नाही. हक्क गेला, तसं त्याला खोडून काढायला लागणारं खूरही गेलं.

अशा आधीच्या हक्कदाराला घालवायच्या रीतीही पाहण्यासारख्या आहेत. बायबलच्या परंपरेतल्या तोबितच्या ग्रंथात सारावर अस्मोदियस नावाचा पिशाच्च टपलेला आहे. त्याने लग्नाच्या रात्रीच तिचे एकामागून एक सात नवरे मारले. आठवा नवरा तोबियास. रात्री सासरा गुपचूप जाऊन त्याच्यासाठी खड्डा खणून ठेवतो, इतकी खात्री! तोबियास माशाचं काळीज नि यकृत निखाऱ्यावर टाकतो, त्या वासाने अस्मोदियस थेट वरच्या इजिप्तपर्यंत पळतो आणि सासऱ्याला खड्डा बुजवावा लागतो. तिथे युक्तिवाद नाही, फक्त धूर.

याच्या अगदी उलट ऋग्वेदातलं विवाहसूक्त, दहाव्या मंडलातलं पंच्याऐंशीवं. वधूवर पहिला हक्क सोमाचा, मग गंधर्वाचा, मग अग्नीचा, आणि माणूस चौथा. म्हणून विश्वावसू गंधर्वाला सांगितलं जातं: ‘उदीर्ष्वातः पतिवती ह्येषा’, ऊठ इथून, हिला नवरा आहे. दुसरी शोध. आणि हे नमस्कार करून, स्तुती करून सांगायचं. इतक्या अदबीची बेदखलीची नोटीस मी आजवर पाहिलेली नाही. जेनच्या घरी असं कुणी म्हणणारं नव्हतं.

पानगळ

आभार, सगळ्यांचेच. विसाव्या शतकात कुणी हा माणूस नीट हाताळलाय का? व्हॅम्पायर नकोत.

मृण्मयी

एलिझाबेथ बोवेनची १९४१ मधली कथा, नाव सरळ ‘द डीमन लव्हर’. बॉम्बहल्ल्यांमुळे ओस पडलेलं लंडन, मिसेस ड्रोव्हर बंद घरातून सामान न्यायला येते, आणि टेबलावर पत्र: आज ठरलेला दिवस. पत्रावर पोस्टाची खूण नाही. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धात गेलेल्या सैनिकाला तिने वचन दिलं होतं. निरोप घेताना त्याने तिचा हात आपल्या गणवेशाच्या बटणावर इतका दाबून धरला की तळव्यावर वळ उठला. प्रेम वगैरे आठवतच नाही तिला, त्याचा चेहराही नाही. बटण आठवतं.

वादी_प्रतिवादी

बोवेनला माझंही मत. पण त्यानंतर शर्ली जॅक्सन वाचाच. तिच्या १९४९ च्या ‘द लॉटरी’ या संग्रहाचं उपशीर्षकच ‘जेम्स हॅरिसची साहसं’ असं होतं, आणि पुस्तकाच्या शेवटी तिने २४३ क्रमांकाच्या गीताचा तुकडा छापलाय. त्यातल्या ‘द डीमन लव्हर’ कथेत सगळी बाजू पालटते. बाई चौतीस वर्षांची, आज तिचं जेमी हॅरिसशी लग्न आहे, आणि तो येतच नाही. ती त्याला शोधायला निघते. पेपरवाला, फुलवाला, रस्त्यावरचा पोरगा, सगळे म्हणतात, हो, निळ्या सुटातला उंच माणूस गेला की इकडून, हातात फुलं होती. म्हणतात आणि तोंड लपवून हसतात. इथे शपथ तिला मिळालेली आहे आणि दावा तिचा आहे, पण बजावणी करायला प्रतिवादीचा पत्ताच नाही. खूर नाही, जहाज नाही, आणि ती कुठे बुडतही नाही. उद्या परत त्याच दारावर थाप मारायला जाते. पानगळ, आधी बोवेन वाचा, मग ही. उलट क्रमाने वाचलीत तर बोवेन सौम्य वाटेल.