ग्राफ्ट ‘रिजेक्ट’ होणे: मराठीत काय म्हणावे?

उंबरठा: न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या गुडघ्यात दात्याचं हाड आणि त्यावरची कूर्चा बसवणार आहेत. तिथल्या माहितीपत्रकाचं मी मावशीसाठी मराठी करतोय. एका वाक्यावर गाडं अडलंय. आशय असा, की दात्याच्या पेशींमुळे शरीराची संरक्षणयंत्रणा जागी होते, काहींच्या रक्तात प्रतिपिंडंही (अँटिबॉडीज) सापडतात, पण त्याचा अर्थ ग्राफ्ट रिजेक्ट झालं असा नाही. मी लिहिलं, ‘शरीर विरोध करतं, पण नाकारत नाही.’ मावशीचा लगेच फोन, ‘म्हणजे किडनीसारख्या जन्मभर गोळ्या का रे?’ दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द सुचवा.

शुद्धमती: ‘प्रतिरक्षा-प्रतिसाद’ आणि ‘अस्वीकार’. आणि ही ‘कूर्चा’ कुठून आणलीत? कूर्च म्हणजे जुडगा, झुबका; कुंचला त्यातलाच. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात नाक-कानांतल्या मऊ हाडाला ‘तरुण’ म्हटलंय. तरुणास्थी हा नेमका शब्द घरात असताना उसनवारी कशाला?

खडीसाखर: पासष्टीच्या बाईला सांगा बरं, काकू, तुमची तरुणास्थी झिजली! आमच्याकडे सगळे ‘गादी’च म्हणतात.

हाडवैरी: गादी नको, लोक मेनिस्कसलाही, म्हणजे गुडघ्यातल्या दोन हाडांमधल्या चकतीलाही, गादीच म्हणतात. ऑर्थोत आहे म्हणून तोंड घालतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, पेशी घट्ट जाळीत कोंडलेल्या असतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींना त्या सहसा सापडतच नाहीत. भानगड खालच्या हाडाची. त्यात दात्याचं रक्त आणि मज्जा असते. म्हणून बसवण्याआधी सलाइनच्या फवाऱ्याने ते धुऊन काढतात आणि हाडाचा थर होईल तेवढा पातळ ठेवतात. ऊती जुळवायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत, माप जुळवतात. त्या जन्मभराच्या गोळ्याही नसतात, मावशींना आधी तेवढं सांगा. पुढे दात्याच्या हाडाच्या जागी हळूहळू रुग्णाचं स्वतःचं हाड येतं, वरच्या कूर्चेतल्या पेशी मात्र दात्याच्याच राहतात. 29 वर्षांनी काढलेल्या एका ग्राफ्टमध्ये त्या जिवंत सापडल्याची नोंद 2007 साली छापून आली होती. ग्राफ्ट फसतं ते बहुतेक वेळा खालचं हाड नीट न सांधल्याने किंवा खचल्याने. त्याला ‘नाकारलं’ कसं म्हणायचं? ‘सांधलं नाही’ म्हणा.

उंबरठा: ‘सांधलं नाही’ घेतो. पण प्रतिपिंडं सापडतात त्याला काय? ‘शरीर दखल घेतं’ चालेल?

शुद्धमती: दखल अरबी आहे.

आगाऊ: असू दे की! कलमही अरबीच, आणि ग्राफ्टला खरं तर कलमच म्हणायला हवं. ‘प्रत्यारोपण’ ऐकलं की माझ्या डोळ्यांपुढे विधानसभा येते. आरोप-प्रत्यारोपण.

शुद्धमती: हसण्यावारी नेऊ नका. रोप, आरोपण, आरोप सगळे एकाच ‘रुह्’ धातूचे. एक जमिनीत लावायचं, एक दुसऱ्याच्या डोक्यावर.

खडीसाखर: रिजेक्शनला ‘अव्हेर’ कसा वाटतो? आजी म्हणायची, अन्नाचा अव्हेर करू नये.

हाडवैरी: अव्हेरात तुच्छता आली. गुडघ्याला एवढा माज नसतो.

देवगडचा: कलमाचं निघालंय म्हणून. काडी सुकली तर आम्ही ‘खुंटाने (खालच्या मुळाच्या झाडाने) नाकारली’ असं म्हणत नाही. कलम जगलं किंवा मेलं, दोनच शब्द.

खडीसाखर: मावशींना ‘मेलं’ लिहून पाठवणार?

हाडवैरी: शिवाय कलमात खुंट खुंटाच्याच जातीचा राहतो आणि काडी हापूसचीच. इथे खालचं हाड पाच-सहा वर्षांत कुणाचं म्हणायचं?

देवगडचा: ते कोय कलम झालं, कोयीच्या रोपावर तोडलेली काडी बांधायची. भेट कलमात दोन्ही झाडं आपापल्या मुळांवर उभी असतानाच बांधतात, नंतर तोडतात. हिशेब वेगळा.

आगाऊ: मग ‘आरोपण’ जाऊ दे, ‘भेट’ म्हणा. दात्याने दिलेली भेट!

देवगडचा: ती भेट नव्हे हो. दोन फांद्या भेटवतात म्हणून भेट.

शुद्धमती: आणि ‘भेटकलम’ जोडून लिहावं. समास आहे.

देवगडचा: आमच्या नर्सरीच्या पाटीवर तोडूनच लिहिलंय, आणि रोपं तरीही जगतात.

शुद्धमती: पाटी हा पुरावा होत नाही.