मदत हवी आहे: चाइल्ड थीममधून पॅरेंटचा फिल्टर काढायचा कसा?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे, मीच सांभाळतो. पहिल्या पानावर नव्या पुस्तकांचा परिचय चौकटींत दिसतो. एका चौकटीत चार ओळी, दुसरीत नऊ, त्यामुळे ‘पुढे वाचा’ची बटणं वरखाली होतात. वाचक बहुतेक मोबाइलवरून येतात, त्यांना फार स्क्रोल करावं लागतं.

वर्डप्रेसच्या मूळ ५५ शब्दांऐवजी ३० शब्द यावेत म्हणून चाइल्ड थीमच्या (पॅरेंट म्हणजे मूळ थीमवर आपले बदल ठेवणारी उपथीम) फंक्शन्स फाइलमध्ये ‘एक्सर्प्ट लेंथ’वर, म्हणजे परिचयाच्या शब्दसंख्येवर, फिल्टर (आलेली किंमत बदलून परत देणारं फंक्शन) लावला. काहीच फरक पडेना. मग लक्षात आलं, चाइल्डची फाइल पॅरेंटच्या आधी लोड होते. दोघांची प्रायॉरिटी (चालण्याचा क्रमांक, लहान आधी) १०, म्हणजे पॅरेंटचा फिल्टर नंतर चालतो आणि माझे ३० पुसून ४५ करतो. प्रायॉरिटी २० केली आणि काम झालं.

आता अडलोय ते ‘एक्सर्प्ट मोअर’पाशी, म्हणजे परिचयाच्या शेवटी जोडल्या जाणाऱ्या मजकुरापाशी. पॅरेंट तिथे इंग्रजी बटण जोडतं आणि तो फिल्टर बिननावाच्या फंक्शनने लावलाय. ‘रिमूव्ह फिल्टर’ला द्यायला नावच नाही! ‘आफ्टर सेटअप थीम’ हुकवरही (थीमच्या फाइल्स लोड झाल्यावर येणारा टप्पा, जिथे आपलं फंक्शन जोडता येतं) प्रयत्न केला. नाव असतं तर तिथे निघालाच असता.

तर यातही मोठी प्रायॉरिटी देऊन आपलं मराठी बटण परत करावं, की फक्त तो एक कॉलबॅक (हुकला जोडलेलं फंक्शन) काढायची नीट पद्धत आहे? ‘रिमूव्ह ऑल फिल्टर्स’ नको वाटतं, एका प्लगइनचा फिल्टरही त्याच हुकवर आहे. पॅरेंटची फाइल बदलायची नाही, अपडेट आलं की सगळं जातं.

कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.